आईची मान, काकांचा पट्टा

‘टेबल?’ काका म्हणाले. ‘म्हणजे आता माणसं देवाच्या डोक्यावर बसणार.’

खोत मॅडम मोजपट्टी घेऊन आईच्या मागे गुडघ्यांवर बसल्या होत्या. आई मांडी घालून, मान उजवीकडे कलती करून, पाटावरच्या गणपतीला डोळे काढत होती. मॅडमनी मोजपट्टी तिच्या मानेला लावली, गणपतीच्या कपाळाला लावली आणि न्यायालयात बोलावं तसं बोलल्या, ‘डोक्यावर नाही. मूर्ती टेबलावर, ताई स्टुलावर. मूर्तीचे डोळे यांच्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत. बस.’

‘समोर म्हणजे बरोबरीने.’

‘हो.’

‘देवाच्या बरोबरीने.’ काका माझ्याकडे वळले. ‘ऐकलंस का रे निनाद? या शिकलेल्या.’

काका हे सगळं खुर्चीवर बसून बोलत होते. प्लास्टिकची, हातांची, लाल. त्यांच्या पायाशी निदान पन्नास गणपती जमिनीवर बसलेले होते.

‘काका, तुम्हीपण देवाच्या वरच बसलाय.’

‘मी फोनवर असतो,’ काका म्हणाले.

ते इतक्या ठामपणे म्हणाले की याला कुठेतरी शास्त्राधार असणार असं मला क्षणभर वाटलं.

‘आणि तसं बघायला गेलं तर अजून तो देव नाहीये,’ मी म्हटलं. ‘प्राणप्रतिष्ठा झाली की देव. तोवर माती.’

‘माती ना? मग चपला घालून येत जा कारखान्यात. ये ना उद्यापासून.’

काकांशी वाद घालण्यात हीच अडचण होती. ते चुकीच्या गोष्टी बरोबर क्रमाने बोलत.

आमचा गणपतीचा कारखाना पेणला. पाटी काकांच्या नावाची, फोन काकांच्या हातात, खुर्ची काकांची. मी आठवीत असताना बाबा गेले आणि त्यांचा ब्रश आईकडे आला. मूर्तीचं बाकी सगळं कुणीही करतं. साच्यातून कुणी काढतं, घासतं कुणी, सोंडेला कुणी रंग देतं. घासायला मी असायचो, कारण इंजिनिअरिंगचे माझे विषय राहिले होते आणि घासणे हा मला येणारा एकमेव विषय होता. पण डोळ्यांची आखणी एकटी आई करायची. डोळे येईपर्यंत मूर्ती म्हणजे पोट सुटलेली बाहुली. आईने शेवटची रेघ ओढली की ती बाहुली आपल्याकडे बघायला लागायची आणि आपण उगाच शर्ट नीट करायचो.

गिऱ्हाइकांना काका सांगत, ‘आखणी मी स्वतः करतो.’ हे खोटं आहे हे सगळ्या पेणला माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही नाही. धंद्यात नाव एकाचंच असतं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

आदल्या वर्षीच्या सीझनमध्ये आईची मान धरली. आधी मान, मग खांदा, मग दंडातून खाली अंगठ्यापर्यंत मुंग्या. रात्री कूस बदलताना ती आधी उठून बसायची आणि मग दुसऱ्या बाजूला आडवी व्हायची, मालगाडी रूळ बदलते तशी. वेणी घालायला हात वर जात नव्हता. वेणी मी घालायचो. ती कशी दिसायची हे मी इथे सांगणार नाही.

उपचारांची कमी नव्हती. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गळ्याचा पट्टा दिला, बर्फाने शेकायला सांगितलं आणि म्हणाले, तेल-मसाज अजिबात नको. वैद्यांनी तेल दिलं, निर्गुंडीची पुरचुंडी गरम करून शेकायला सांगितली आणि म्हणाले, गोळ्या अजिबात नकोत. शेजारच्या पाटकरवहिनींनी खिळ्याखिळ्यांची एक चटई आणून दिली आणि दोघांनाही अजिबात विचारू नका म्हणाल्या. डॉक्टरांचं गार, वैद्यांचं गरम आणि मध्ये आईची मान, कोमट. डॉक्टरांकडे जाताना ती तेलाचा वास जावा म्हणून मान साबणाने धुवायची आणि वैद्यांकडे जाताना पट्टा पिशवीत लपवायची. पन्नाशीला आलेली बाई दोन घरी चोरून जावं तशी औषधाला जात होती.

काकांचाही एक उपचार होता. ‘सवय होईल,’ असा.

मग कुणीतरी खोत मॅडमचं नाव सुचवलं. त्या फिजिओथेरपिस्ट, नुकताच दवाखाना थाटलेला. त्यांनी आईला गोळ्या, पट्टा, तेल, पुरचुंडी, चटई असं सगळं घेऊन यायला सांगितलं, टेबलावर मांडून ठेवलं आणि विचारलं, ‘यातल्या कशाने बरं वाटतं?’

आई माझ्याकडे बघायला लागली. परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखी.

‘पुरचुंडीने शेकलं की तासभर हलकं वाटतं,’ ती शेवटी म्हणाली.

‘मग शेक ठेवायचा. रोज सकाळी. स्नायू सैल झाले की लगेच माझे व्यायाम. गोळी फक्त अगदी सहन होत नाही त्या दिवशी, डॉक्टरांशी मी बोलते. पट्टा प्रवासात घाला, एरवी नको, मान आळशी होते. आणि अर्ध्या तासाने जागेवरून उठायचं.’

‘आणि चटई?’ मी विचारलं.

‘ती ज्यांची आहे त्यांना द्या.’

त्या डॉक्टरांशी बोलल्या, वैद्यांशीही बोलल्या. दोघेही भले होते. एकमेकांचं ऐकायला तयार नव्हते, पण तिसऱ्याचं ऐकायला त्यांची हरकत नव्हती. मग मॅडम कारखान्यात आल्या, आई कशी बसते ते पाहिलं आणि मोजपट्टी काढली.

‘हे बघा,’ त्या दिवशी निघताना त्या आईला म्हणाल्या, ‘बाकी सगळं केलं आणि हे बसणं असंच ठेवलं, तर काही उपयोग नाही. मानेतली नस दबतेय. बोटं आत्ताच बधिर होतात. असाच हा सीझन काढलात तर पुढच्या वर्षी ब्रश धरता येईल असं मी नाही सांगू शकत.’

आईने ब्रश पाण्यात खळबळून पुसला. ‘घास धरता नाही आला तर निनाद भरवेल,’ ती म्हणाली. ‘ब्रश सुटला तर या घरात मी पाहुणी.’

काका ऐकत होते. ते म्हणाले, ‘असं काय बोलतेस शैला, घर तुझंच आहे,’ आणि फोन वाजला नसतानाही कानाला लावून बाहेर गेले.

टेबलाचा निकाल भटजींनी लावला. ही युक्ती आईची. भटजी स्कूटरवरूनच बोलले, खाली उतरलेसुद्धा नाहीत. ‘साच्यातून काढताना देवाला उलटा धरता ते चालतं का?’ त्यांनी काकांना विचारलं. ‘टेंपोत घालून नेता, तेव्हा ड्रायव्हर कुठे बसतो? बसू द्या बाईंना स्टुलावर. माझाही गुडघा दुखतो, मी खुर्चीवर बसून पूजा सांगतो. कुठल्या यजमानाचं वाईट झालं?’

‘भटजींना धंद्यातलं काय कळतं,’ ते गेल्यावर काका म्हणाले. पण टेबल आलं.

आणि आई बरी होऊ लागली. दुखणं गेलं असं नाही. ते आजही गेलेलं नाही, असलं दुखणं जात नसतं. पण त्याला वेळापत्रक लागलं. सकाळी शेक, मग व्यायाम, मग स्टुलावर ताठ बसून काम, अर्ध्या तासाने उठून चकरा. मुंग्या मनगटापर्यंत मागे हटल्या, मग कोपरापर्यंत. एका सकाळी मी कंगवा घेऊन गेलो तर तिने वेणी घालून शेपटा पुढे घेतला होता आणि रबर लावत होती. मी कंगवा खिशात घातला.

त्याच सुमारास काका विचित्र वागू लागले.

ते तयार मूर्तींसमोर हात मागे बांधून उभे राहायचे, खूप वेळ. मूर्तींकडे ते एरवी बघत नसत. मिठाईच्या दुकानात बसणारा श्रीखंड खात नाही, तसं.

‘काही झालंय का भावजी?’ आईने विचारलं.

‘डोळे मोठे झालेत.’

‘नेहमीसारखेच आहेत.’

‘नेहमीसारखेच आहेत,’ काका म्हणाले. त्या बोलण्यात इतकं दुःख होतं की मी घासणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टेबल नाहीसं झालं. टेंपोवाल्यांना पावत्या करायला लागतं म्हणे. मी टेंपोवाल्यांकडे गेलो, तर टेबल भिंतीला लावलेलं आणि टेंपोवाले जमिनीवर बसून पावत्या करत होते. मी ते परत आणलं. दुपारी पुन्हा गेलं. मग वैद्यांचं तेल संपलं. ते टेंपोच्या दाराच्या बिजागऱ्यांना घातलं होतं. पुरचुंडी मांजराने नेली, असं काका म्हणाले. आमच्याकडे मांजर नव्हतं. आणि मग खोत मॅडमचा फोन आला, की तुमच्या काकांनी सीझन संपल्यावर यायला सांगितलंय, ताईंना एवढ्यात वेळ नाही म्हणाले, खरं का?

मी तसाच काकांसमोर जाऊन उभा राहिलो. ‘मॅडमना का नको सांगितलंत?’

‘हे बघ निनाद,’ काका समजुतीने म्हणाले, ‘जुनं दुखणं असं एकदम बरं करू नये. शरीराला धक्का बसतो.’

‘कुठल्या डॉक्टरने सांगितलं?’

‘अनुभव असतो.’

‘कुणाचा? तुम्हाला कधी सर्दीपण झाली नाही.’

‘म्हणूनच,’ काका म्हणाले.

आई पुन्हा जमिनीवर बसायला लागली. मी भांडलो तिच्याशी. ‘मूर्ती जायच्यात रे,’ ती म्हणाली, ‘टेंपोवाले मोकळे झाले की येईल टेबल.’ तिला खरंच वाटत होतं की टेंपोवाल्यांना टेबल हवंय. मुंग्या परत अंगठ्यापर्यंत आल्या. एकदा ब्रश हातातून गळून पडला आणि ते कुणी पाहिलं का हे बघायला तिने मान वळवली, तर मान वळेना. मग ती अख्खीच वळली. मी पाहिलं होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं आणि एका गणपतीचा कान गरजेपेक्षा बराच जास्त घासला.

त्यानंतरच्या रविवारी ठाण्याच्या एका मंडळाचे अध्यक्ष आले. दळवी नाव त्यांचं. आई वैद्यांकडे शेकायला गेली होती. पुरचुंडी मांजराने नेल्यापासून तिला तिथवर चालत जावं लागे. मी आतल्या खोलीतून पाणी घेऊन बाहेर आलो आणि दारातच थांबलो.

काकांच्या गळ्यात आईचा पट्टा होता.

तोच, खुंटीवर टांगलेला. आईच्या मापाचा असल्यामुळे काकांचा चेहरा थोडा लाल झाला होता आणि गाल वर आले होते. ते खुर्चीवर कण्हत बसले होते.

‘गेल्या वर्षीची मूर्ती म्हणजे,’ दळवी सांगत होते, ‘अहो, अर्धे मिटलेले डोळे. काय करुणा. आमच्याकडे बायका समोर उभ्या राहून रडल्या. म्हणून यंदा मोठी मूर्ती तुमच्याकडे दिली. आणि आता जो नमुना पाठवलात तो टकामका बघतोय. वर्गणी मागायला आल्यासारखा.’

‘तेच तर सांगतोय,’ काका पट्ट्यातून म्हणाले. ‘गेल्या वर्षी ही मान आखडली. मान आखडली की हात आपोआप उतरतो, पापणीची रेघ केसभर खाली येते. ते दुखणंच उतरलंय हो मूर्तीत. मध्ये घरच्यांनी उपचार केले. मला बरं वाटायला लागलं आणि डोळे बिघडले. मग मीच उपचार बंद करून टाकले. कलेपुढे शरीर ते काय.’

दळवींनी हात जोडले. ‘फार त्रास होत असेल.’

‘अंगठ्यापर्यंत मुंग्या. कूस बदलता येत नाही. वेणी घालायला हात वर जात नाही.’

दळवींची नजर काकांच्या डोक्यावर गेली. तिथे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सोडून काही नव्हतं. पण माणूस सभ्य होता, त्याने नजर लगेच खाली घेतली.

टेबल, तेल, पुरचुंडी, मांजर, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. देवाच्या वर बसू नये वगैरे खरंच असेल सुरुवातीला. नंतर नव्हतं. आईची मान वाकडी राहायला हवी होती, कारण वाकड्या मानेने काढलेल्या डोळ्यांना गिऱ्हाईक जास्त होतं. तिचे डोळे ते आपले म्हणून खपवत होते ते मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता त्यांनी तिचं दुखणंही घेतलं होतं. फक्त ते दुखायला तिलाच ठेवलं होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या मागून आई म्हणाली, ‘भावजी, पट्टा उलटा घातलाय.’

ती केव्हा आली होती कुणास ठाऊक. पायरीवर चपला काढून ती आत आली, काकांच्या मागे गेली, पट्टा सोडला, फिरवून नीट बसवला आणि हनुवटीखाली घट्ट आवळला.

‘हनुवटीचा भाग पुढे येतो,’ ती म्हणाली. ‘आता बरोबर. आता घ्या ब्रश.’

‘ब्रश?’

‘साहेब लांबून आलेत. दुखतंय तोवर दोन डोळे काढून दाखवा. बरं वाटलं की बिघडतं म्हणालात ना.’

‘वा,’ दळवी म्हणाले आणि त्यांनी फोन बाहेर काढला. ‘एक व्हिडिओ होऊन जाऊ दे. मंडळाला दाखवतो.’

‘आज वार बरा नाही,’ काका म्हणाले.

‘रविवार आहे,’ मी म्हटलं.

आईने ब्रश त्यांच्या हातात दिला. काका पाटावरच्या मूर्तीसमोर जमिनीवर बसले आणि तिथे एक नवीनच अडचण निघाली. त्या पट्ट्याचं काम एकच असतं, मान खाली जाऊ न देणं. गणपती खाली होता आणि काकांना समोरची भिंत दिसत होती. त्यांनी नजर उतरवून बघितली, कमरेतून वाकून बघितलं, मागे रेलून बघितलं. शेवटी भिंतीकडे बघतच ते म्हणाले, ‘निनाद, ते टेबल आण रे.’

मी टेबल आणलं. इतक्या आनंदाने मी त्या कारखान्यात काहीही उचललं नव्हतं. मूर्ती वर ठेवली. काका देवाच्या बरोबरीने स्टुलावर बसले आणि त्यांनी ब्रश पुढे केला. ब्रशचं टोक गणपतीच्या कपाळापासून सोंडेपर्यंत हवेतल्या हवेत फिरत राहिलं.

दळवींचा फोन हळूहळू खाली आला.

‘राहू द्या,’ आई म्हणाली. ‘मूर्तीचं काय चुकलंय.’

तिने ब्रश काढून घेतला. काका उठले. ती बसली, पाठ ताठ, मान सरळ, खोत मॅडमनी दाखवलं होतं तशी. डाव्या हाताने उजवं मनगट खालून धरलं आणि एक रेघ ओढली. मग तिच्याखाली दुसरी. मग बुबुळ. गेल्या वर्षीचाच डोळा, तसाच अर्धा मिटलेला, तसाच सगळं कळूनही काही न बोलणारा.

‘हाच,’ दळवी हळू आवाजात म्हणाले. ‘हाच तो.’

‘मान सरळ ठेवून?’ काकांच्या तोंडून निघून गेलं.

आई स्टुलावरच वळली. ‘गेल्या वर्षी रेघ खाली जात होती. मला वाटलं, माझं चुकतंय. वाईट वाटायचं रोज. म्हणून जरा बरं वाटल्यावर आधी ती सुधारली.’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘तुम्हाला तशीच हवी होती तर सांगायचंत. रेघ आहे भावजी. केसभर खाली ओढायची. त्यासाठी मला मोडून ठेवायची काय गरज होती?’

काकांनी मान खाली घालायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळे ते जमलं नाही. त्यांना आमच्याकडे बघत उभं राहावं लागलं.

आईने ब्रश धुतला, पुसला आणि ती उठली.

‘अगं, दुसरा डोळा?’ काका म्हणाले. ‘एक डोळा ठेवून कुणी उठतं का? अशुभ असतं.’

‘दुखत होतं तेव्हा उठले नाही,’ आई म्हणाली. ‘निनाद, टेबल इथून हलवायचं नाही. खोत मॅडमना फोन लाव, म्हणावं उद्यापासून या.’

ती बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून, सगळ्या आळीला दिसेल अशी. डोळे मिटले, हनुवटी आत घेतली, खांदे मागे नेले. आजवर ती हे व्यायाम दार लावून करायची.

दळवी तिच्या मागोमाग बाहेर गेले. ‘बाई, तुमचं नाव काय?’

व्यायाम चालू असताना बोलायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. आईने एक बोट वर केलं, थांबा म्हणून. ऊन चांगलंच चढलं होतं. मंडळाचे अध्यक्ष हातात फोन धरून पायरीखाली उभे राहिले. आईने मान डावीकडे नेली, तिथे धरून ठेवली, सावकाश मध्ये आणली आणि मग उजवीकडे न्यायला सुरुवात केली. तिला कसलीही घाई नव्हती.